मेडिक्लेम की सरकारी दवाखाना : वादपटूंसाठी बालबोध

हा वाद कुठेही सुरू होतो. दिवाळीच्या फराळाला, साखरपुड्याला, सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टँकरचा विषय आटोपल्यावर. कुणाच्या तरी सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालेली असते, कुणीतरी बिलाचा आकडा सांगतं, दोन सेकंद सगळे गप्प होतात. मग एकजण म्हणतो, “हे सगळं सरकारनंच करायला हवं.” त्याच क्षणी दुसरा म्हणतो, “अहो, फुकट दिलं की लोक चटावतात. ज्यानं त्यानं आपापला विमा काढावा.” अशा वेळी तुम्ही चकलीचे तुकडे करत बसलात, तर पुढच्या वर्षी तुम्हाला फराळाला बोलावतील, पण मत विचारणार नाहीत. तशी वेळ येऊ नये म्हणून हे धडे.

आजारपणाचा अनुभव लागत नाही. असल्यास अडचणच होते, कारण अनुभवी माणूस मुद्द्याचं बोलतो आणि वाद दहा मिनिटांत संपतो. साहित्य एवढंच: एक ठाम मत, परदेशातला एक नातेवाईक आणि स्वतःची न वाचलेली पॉलिसी.

१. बाजू निवडा

इथे नवशिके पहिली चूक करतात. ते विचार करून बाजू निवडतात. बाजू निवडण्याचं सूत्र सोपं आहे: आपल्याला जे कवच मिळालं आहे, नेमकं त्याच्याविरुद्ध बोलायचं.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या काकांच्या खिशात सीजीएचएसचं कार्ड असतं. केंद्राची ही आरोग्ययोजना १९५४ पासून चालू आहे. त्या कार्डावर मिळालेली रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर गिळून त्यांनी म्हणावं, “सरकारला एक गोष्ट धड जमत नाही.” हिंजवडीच्या पुतण्याचा हप्ता कंपनी भरते, आईवडिलांसकट. त्यानं बजावावं, “प्रत्येकानं स्वतःच्या पैशानं विमा घ्यायला शिकलं पाहिजे.” नोकरी गेली की कंपनीची पॉलिसीही जाते, हा विचार त्यानं नोटीस पिरियड सुरू होईपर्यंत मनात आणू नये. आणि ‘आरोग्य हा मूलभूत हक्क आहे’ असं सांगणाऱ्या प्राध्यापक मॅडमनी घसा दुखला तरी गल्लीतला महापालिकेचा दवाखाना टाळून थेट स्पेशालिस्टकडे जावं.

२. परदेशातला नातेवाईक वापरा

न्यू जर्सीचा भाचा दोन्ही बाजूंना चालतो. तुम्ही विम्याच्या बाजूचे असाल, तर म्हणा, “तिकडे बघा, काय हॉस्पिटलं आहेत!” सरकारी बाजूचे असाल, तर म्हणा, “तिकडे बघा, विमा असूनही पहिले काही हजार डॉलर पदरचे जातात. दाढेचं रूट कॅनॉल करायला पोरगा तिकीट काढून पुण्याला येतो.” दोन्ही खरं आहे. तिथे पासष्टी ओलांडलेल्यांसाठी १९६५ साली सरकारी मेडिकेअर झाली, बाकीचे बहुतेक लोक मालकाच्या विम्यावर अवलंबून राहिले, आणि २०१० मध्ये ओबामांच्या कायद्यानं काही भोकं बुजवली. पण एवढं सविस्तर बोलू नका. भाच्याच्या आईवडिलांची बॅग पुरेशी आहे. सहा महिन्यांसाठी तिकडे जाताना त्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी सहा महिन्यांच्या गोळ्या असतात. लोणचं विमानतळावर अडवतील अशी धास्ती असते, तिकडे गोळ्या विकत घ्यायची धास्ती त्याहून मोठी.

लंडनची पुतणीही अशीच दुधारी. १९४८ च्या ५ जुलैला सुरू झालेल्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, डॉक्टरला दाखवायला पैसे पडत नाहीत, हा एका बाजूचा हुकमी पत्ता. तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, हे उद्दिष्ट तिथे कित्येक वर्षांत गाठलेलं नाही, हा दुसऱ्या बाजूचा. दोघांनी आपापला पत्ता टाकला की डाव बरोबरीत, आणि चहा येतो.

थायलंडचं नाव मात्र चुकूनही काढू नका. श्रीमंत नसलेल्या या देशानं २००२ मध्ये, नोकरदारांच्या योजनांत न बसणाऱ्या सगळ्यांना, दर भेटीला तीस बाट घेऊन उपचार द्यायला सुरुवात केली. आपल्या वादाला याहून जवळचं उदाहरण सापडणं कठीण. पण थायलंडला आपली माणसं ज्या कारणांसाठी जातात, ती आठवून फराळाच्या टेबलावर सगळे हसतात, आणि शिवाय तिथे कुणाचा पुतण्या नसतो.

३. इतिहासाचा एक डोस

वाद पोरकट वाटू लागला, तर घसा साफ करून म्हणा, “भोर समितीनं १९४६ सालीच सांगून ठेवलंय.” कुणीतरी विचारेल, आपलं भोर का, भाटघरचं? नाही. सर जोसेफ भोर. नाशिकचा जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातलं शिक्षण. पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडू नये, हे त्यांच्या समितीनं स्वातंत्र्याच्या आधी लिहून ठेवलं. पुढे १९७८ मध्ये अल्मा-आटा इथे जगभरच्या सरकारांनी २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य द्यायचं ठरवलं. ते साल गेलं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. सरकारच्याच हिशेबात २०२१-२२ चा आकडा १.८४ टक्के होता. तेही साल गेलं.

हे सांगून झाल्यावर लगेच चकली उचला. श्रोत्यांना तारखा मोजायला वेळ देऊ नये.

४. ‘फुकट’ हा शब्द वारंवार उच्चारा

प्रत्येक वेळी किंचित नाक मुरडून. या एका शब्दानं वाद अर्धा तास चालतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्यांची, म्हणून ती त्या निर्णयाबाहेर राहिली. म्हणजे दुखणं तेच, राज्य तेच, पण दवाखान्याची पाटी कोणत्या खात्यानं रंगवली यावर केसपेपरचे पैसे पडणार की नाही ते ठरतं. असला तपशील तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला शेवटचा केसपेपर कधी काढला होता, हे आठवायची गरज नाही.

५. गरिबांविषयी कळवळा दाखवा, त्यांना बोलू देऊ नका

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा उल्लेख नेहमी ‘त्या लोकांची योजना’ असा करावा. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं. बराच काळ पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठी होती. पण १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. म्हणजे तुमचं पांढरं कार्डही ‘त्या लोकांत’ आलं. ते कार्ड माळ्यावर आहे आणि त्यावर अजून आजोबांचं नाव आहे, ही गोष्ट वेगळी.

शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या आयुष्मान योजनेत पाच लाखांचं कवच आहे. ‘रेवडी वाटतात नुसती’ असं म्हणणाऱ्या काकांचं वय शहात्तर असेल, तर त्यांना हे सांगू नका. ते दुसऱ्या दिवशी वय वंदना कार्डाची चौकशी करतील, सोसायटीत एक प्रतिस्पर्धी कमी होईल, आणि चांगला प्रतिस्पर्धी हल्ली सहज मिळत नाही.

एक धोक्याची सूचना. चर्चा रंगली असताना पोळ्यांच्या मावशी ओट्याशी असतात. त्यांच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन फुले योजनेत झालेलं असण्याची शक्यता आहे. त्यांना कुठल्या रुग्णालयात योजनेचा फलक आहे, आरोग्यमित्राचं टेबल तळमजल्यावर कुठे असतं, कोणता कागद कमी पडला की परत पाठवतात, मंजुरी यायला किती दिवस लागले आणि त्या दिवसांत नवऱ्याची रिक्षा बंद राहिल्यानं घरात काय झालं, हे सगळं माहीत असतं. रुग्णालयानं ‘हे योजनेत बसत नाही, बाहेरून आणा’ म्हणत कोणती चिठ्ठी हातात दिली, तेही. योजनेचं कौतुक आणि तक्रार त्या एकाच वाक्यात करतात. अशा माणसाची बाजू कोणती धरायची तेच कळत नाही. त्यांना आणखी चहा ठेवायला सांगा.

६. पॉलिसी उघडू नका

हा सगळ्यात महत्त्वाचा धडा, म्हणून जरा बसून वाचा.

मेडिक्लेमच्या बाजूनं बोलायचं, तर त्यावर श्रद्धा हवी, आणि वाचल्यानं श्रद्धेला तडा जातो. सुरुवात अर्जापासून करा. एजंट ओळखीतलाच असतो, बहुधा वर्गमित्राचा मेहुणा. तो म्हणतो, “बीपीचं लिहू नका, उगाच हप्ता वाढतो. काही होत नाही.” तुम्ही लिहीत नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायचा काळ २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीनवर आला, म्हणजे खरं लिहिलं असतं, तर तीन वर्षांनी बीपी सुखानं पॉलिसीत बसलं असतं. न लिहिल्यावर मात्र कंपनीला पाच वर्षं तुमचा जुना केसपेपर उकरता येतो, आणि लबाडी सिद्ध केली तर पाच वर्षांनंतरही. पण एजंट लग्नाला आला होता, त्याचा शब्द कसा मोडणार?

आता खोली. समजा, तुमची पॉलिसी पाच लाखांची आहे आणि आतल्या पानावर लिहिलंय की खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज पाच हजारांपर्यंत. आई ॲडमिट झाली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “शेअरिंग की प्रायव्हेट?” मोठ्या भावाच्या आवाजात तुम्ही म्हणालात, “प्रायव्हेट. पैशाचं बघू नका, मेडिक्लेम आहे.” खोली आठ हजारांची. हे वाक्य उच्चारताना जो अभिमान वाटतो, त्याची किंमत निघण्याच्या दिवशी कळते. रोजचे वरचे तीन हजार तुमचे, हे तुम्ही धरूनच चाललेले असता. पण हिशेब पुढे जातो. पाचाला आठ हे गुणोत्तर सर्जनच्या फीला, ऑपरेशन थिएटरला, नर्सिंगलाही लागतं. या बाबींचं बिल दोन लाख चाळीस हजार झालं असेल, तर कंपनी दीड लाख देते. नव्वद हजार तुम्ही. औषधं आणि शरीरात बसवलेल्या वस्तूंना ही कात्री लागत नाही, तेवढाच दिलासा. अलीकडच्या बऱ्याच पॉलिसींत खोलीभाड्याची ही मर्यादाच नसते. तुमच्या पॉलिसीत आहे की नाही ते पाहायला पाच मिनिटं लागतात, पण मग वादातला सगळा जोर निघून जातो.

डिस्चार्जचा दिवस म्हणजे या अभ्यासक्रमाची प्रात्यक्षिक परीक्षा. डॉक्टर सकाळी नऊला म्हणतात, “जाऊ शकता.” आई साडी नेसून, हाताला कापूस दाबून, खुर्चीत बसते. मग कागद टीपीएकडे जातात. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि तुम्ही यांच्यामधली अशी जागा, जिथे फोन नेहमी दुसऱ्यानं उचलायचा असतो. विमा नियामकाचा २०२४ पासूनचा नियम सांगतो की कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा. उशिरामुळे रुग्णालयानं जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीनं सोसायचे. हा नियम काउंटरवर मोठ्यानं म्हणून पाहा. फाइलवरून मान वर होते, हे मी खात्रीनं सांगतो. संध्याकाळी शेवटी कागद येतो, त्यात डायपर, धुलाई, सोबतीच्या माणसाचे पैसे अशा ओळींवर रेघ मारलेली असते. तिथल्या बाकावर बसलेल्या मंडळींत मेडिक्लेमवाले, योजनेवाले आणि रोख भरणारे असे तिन्ही पंथ असतात आणि त्यांच्यात अजिबात वाद होत नाही. नवशिक्यांनी तिथे जाणं टाळावं.

७. हप्त्याची गोष्ट तरुणाला सांगू द्या

हप्ता परवडतो, असं म्हणणारा माणूस पस्तिशीच्या आतला असावा. ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी विचारा, असं नियामकाला जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना सांगावं लागलं. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून शून्य झाला. म्हणजे त्याआधी लोक आजारी पडण्याच्या भीतीवरही कर भरत होते. या दोन्ही गोष्टी कुणी काढल्या तर म्हणा, “बघा, स्वस्त होतंय ना?” आणि नूतनीकरणाची नोटीस हातात असलेल्या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांकडे पाहू नका.

८. निषिद्ध विषय

तीन विषयांना हात लावू नका. त्यांनी वाद मरतो.

पहिला, औषधाचं दुकान. सरकारच्याच हिशेबानुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. त्याच्या आठ वर्षं आधी तो ६४ टक्के होता, म्हणजे सुधारणा आहे. पण घराघरातून जाणाऱ्या या पैशाचा मोठा वाटा औषधांवर जातो. मधुमेहाची गोळी, थायरॉइडची गोळी, दर तीन महिन्यांची तपासणी. याला सरकारी योजना विचारत नाही, कारण तिचा कारभार यादीतल्या उपचारांचा. आणि नेहमीचा मेडिक्लेम विचारत नाही, कारण त्याला चोवीस तासांची खाट लागते. म्हणून तर ओळखीचे डॉक्टर कधीकधी म्हणतात, “एक रात्र ॲडमिट होऊन जा.” तासभर तुम्ही ज्या दोन गोष्टींवरून भांडलात, त्या दोन्ही माणूस आडवा झाल्यावर सुरू होतात. उभ्या माणसाचा खर्च दोघांच्याही वहीत नाही. हे कुणाच्या लक्षात आलं, तर उरलेल्या वादाला अर्थ राहत नाही, तेव्हा सांभाळा.

दुसरा, प्राथमिक आरोग्य केंद्र. साधारण तीस हजार वस्तीमागे एक, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजारांमागे एक, असं कागदावर ठरलेलं आहे. तिथल्या रिकाम्या खुर्चीवर बोलायला लागलात, तर कोथरूडमधल्या फराळात गावाकडची माणसं एकदम आठवतात आणि वातावरण जड होतं.

तिसरा, धर्मादाय रुग्णालयं. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही योजना मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये घालून दिली. संगमरवरी लॉबीच्या काही रुग्णालयांनाही ती लागू आहे. अर्ज समाजसेवकाच्या खोलीत मिळतो. ती खोली लॉबीत नसते.

९. शेवट

वाद जिंकायचा नसतो, पुढच्या दिवाळीपर्यंत जिवंत ठेवायचा असतो. कुणी फारच अडवलं, तर “सरकारी-खासगी भागीदारी” हे शब्द टाका. दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं वाटतं. यजमान “आरोग्य सांभाळा हो सगळ्यांनी” म्हणत बेसनाचा आणखी एक लाडू वाढतील. घ्या. शुगरचं तुम्ही अर्जात लिहिलेलंच नाही.

एवढे धडे झाले की तुम्ही कोणत्याही बैठकीला तयार आहात. फक्त निघण्याआधी एक करा: पॉलिसीचा नंबर, टीपीएचं कार्ड आणि रेशनकार्ड कुठल्या फाइलमध्ये आहे, ते घरातल्या दुसऱ्या एका माणसाला दाखवून जा. ॲडमिट करताना काउंटरवर तेच मागतात, मत कुणी मागत नाही.